सुताचा ताळेबंद

ढाणकीत लोकर विकली जावी याला भूगोलाचा कसलाही आधार नाही. उमरखेड तालुक्यातलं हे आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडचं. पलीकडे नांदेड जिल्हा. उन्हाळ्यात दोन्ही तीरांवर सारखंच ऊन पडतं, आणि ते इतकं पडतं की कुठल्या तीरावर जरा कमी आहे याची चौकशी करायला नदी ओलांडण्याची कुणाची हिंमत होत नाही. थंडी येते, नाही असं नाही. पण ती जावयासारखी येते. चार दिवस राहते, सगळ्या घराला कामाला लावते आणि निघून जाते. एवढ्याशा पाहुणीसाठी आमच्याकडच्या बायका वर्षभर विणत असतात. मे महिन्यात कूलरसमोर बसून, कपाळाचा घाम पदरानं टिपत, पुढच्या डिसेंबरात जन्मणाऱ्या नातवाचं टोपडं विणणारी बाई ज्यानं पाहिली नाही, त्यानं आशावाद या विषयावर भाषण करू नये.

बरं, सभोवार पाहावं तर कापूस. यवतमाळ जिल्हा कापसाचा. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला की तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकीची सरकी. ती रुई गाठीत बांधून परमुलखात जाते, तिथं तिचं सूत होतं, सुताचा रंगीत गुंडा होतो, आणि तो गुंडा प्लास्टिकच्या पिशवीत बसून आमच्याच बाजारात परत येतो. तेव्हा तो गावाला ओळख दाखवत नाही. पुण्याला शिकून आलेल्या पोरासारखं त्याचं वागणं असतं, आणि भावही तसाच असतो.

माझ्या लहानपणी घरातली कुठलीही वस्तू उघडी ठेवणं हे कुलीनपणाचं लक्षण मानलं जात नसे. रेडिओला झगा होता. टीव्हीला जाळीचा रुमाल होता, आणि त्या रुमालाचं टोक नेमकं बातम्या सांगणाऱ्याच्या कपाळावर येई. पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेलं झाकण होतं. दाराला क्रोशाचं तोरण होतं, आणि भिंतीवर सुतळीचं घुबड होतं. बाकी सगळ्या व्यवहारात अशुभ मानलेला हा पक्षी सुतळीतून आला की दिवाणखान्यात कसा चालतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे टीव्ही चपटा झाला, रुमाल ठेवायला त्याला माथाच उरला नाही, आणि एका कलेचा राजाश्रय गेला.

या सगळ्याला घरातले पुरुष एकच नाव देत: रिकामा उद्योग. आता मी कॉमर्सचा पदवीधर, आणि नोकरी बँकेत. मला ‘रिकामा’ आणि ‘उद्योग’ हे शब्द शेजारी शेजारी दिसले की तेरीज न जुळल्यासारखी अस्वस्थता येते. उद्योग असेल तर त्याचं खातं असलं पाहिजे, आणि खातं असेल तर ते रिकामं कसं? शिवाय विणकामाची भाषा ऐकावी तर थेट आमच्याच खात्यातली. एक सुलट, एक उलट. एक जमा, एक नावे. एक टाका गळला की सबंध ओळ चुकते आणि रात्री दहापर्यंत उसवत बसावं लागतं. आमच्याकडे एक रुपया गळला की तेच होतं, फक्त आमच्याकडे उसवणाऱ्याला चहा मिळतो. तेव्हा या सुताच्या धंद्याचा जुना हिशेब एकदा काढून पाहावा, असं मी ठरवलं.

हिशेब फार मागे गेला. इजिप्तमध्ये वाळूखाली सापडलेले काही लोकरी मोजे आहेत, इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातले. एकाच सुईनं गाठीगाठीनं बनवलेले, रंगानं तांबडे, आणि त्यांचा अंगठा वेगळा. का, तर चपलेत घालता यावे म्हणून! थंडीच्या दिवसांत मोज्यावर अंगठ्याची चप्पल घालून पहाटे दूध आणायला निघालेल्या माणसाला आपण हसतो. पण त्याच्या मागे सोळाशे वर्षांची परंपरा उभी आहे. दोन सुयांवरचं खरं विणकाम यानंतरचं. त्याचे सगळ्यात जुने नमुनेही इजिप्तचेच, साधारण हजारेक वर्षांपलीकडचे नाहीत, आणि ते निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत. लोकरीचे नव्हेत, कापसाचे. हे वाचल्यावर यवतमाळ जिल्ह्याचा रहिवासी म्हणून माझी छाती उगाचच दोन इंच फुगली.

पुढं हे मोजे युरोपात गेले आणि तिथं त्यांचा मोठा धंदा झाला. १५८९ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या विल्यम ली नावाच्या गृहस्थानं मोजे विणायचं यंत्र काढलं. ते घेऊन तो पहिल्या एलिझाबेथ राणीकडं पेटंट मागायला गेला. राणीनं दिलं नाही. कथा अशी सांगतात की, या यंत्रानं हातानं विणून पोट भरणाऱ्या माझ्या गरीब प्रजेचं काय होईल, असं तिनं विचारलं. ली बिचारा यंत्र घेऊन फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. यंत्र मात्र वारलं नाही. यंत्रं तशी वारत नसतात, राण्या वारतात.

इकडं आमच्या वऱ्हाडात तेव्हा आणि त्यानंतरही बराच काळ कापूस चालत जात असे. चालत म्हणजे अक्षरशः. बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर गोण्या चढत आणि तांडे इथून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात. पाचशे मैलांची मजल, वाटेत ऊन, पाऊस, चोर आणि जकात. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजाला वऱ्हाडाची एकदम माया आली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७७ च्या पहिल्या जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापसाला चाकं मिळाली आणि बंजाऱ्यांच्या बैलांचा धंदा बसला. भरीला १८७१ चा तो गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ज्यांनी शतकानुशतकं दुसऱ्याचा माल इमानानं पोचवला, त्यांच्याकडेच सरकार संशयानं बघू लागलं.

आमच्या उमरखेड-पुसद भागात आजही तांडे आहेत. या समाजातले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्यातल्या एखाद्या म्हातारीच्या पेटीत जुनी कांचळी, जुना फेटिया निघतो. त्यावरचं भरतकाम, लोकरीचे गोंडे, आरसे आणि कवड्या बघाव्यात. कवडी म्हणजे एकेकाळचं चलन. आम्ही बँकेतली माणसं चलन तिजोरीत ठेवतो, या बायकांनी ते कपड्याला टाचून अंगावर मिरवलं. पुढं चलन बदललं, कवडीला कवडीचीही किंमत राहिली नाही, आणि कपडा मात्र बघत राहावासा वाटतो. ठेव कुठं सुरक्षित राहिली याचा विचार करायला हरकत नाही.

सुताला पुन्हा चलनाचा मान दिला तो गांधीजींनी. १९२४ सालचं काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला झालं, अध्यक्ष गांधीजी. ते अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन. तिथं ठरलं की काँग्रेसच्या सभासदानं वर्गणी पैशात न देता सुतात द्यावी, दरमहा दोन हजार वार. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं काउंटरच उभा राहिला. ‘टोकन नंबर सतरा, तुमचं सूत चाळीस वार कमी भरतंय. मागच्या महिन्याचं तर तुटलेलं होतं.’ देशभक्ती भाषणात मोजणं सोपं असतं, वारावर मोजायला लागलं की सभासद पातळ होतात. झालंही तसंच, पुढच्याच वर्षी ही सक्ती सैल करावी लागली आणि सुतासाठी चरखा संघ वेगळा निघाला.

पण मला गांधीजींचं खरं कौतुक वाटतं ते यापुढच्या कलमाचं. हा माणूस नुसता कातत बसला नाही, त्यानं हिशेब मांडला. खादी स्वस्त व्हावी म्हणून कातणाऱ्या बाईच्या हातावर दिवसाला जे टेकवलं जात होतं, ते त्यांना टोचलं. १९३५ साली त्यांनी आग्रह धरला की आठ तास कातलं तर निदान आठ आणे मिळाले पाहिजेत. सहकारी घाबरले. खादी महागेल, गिऱ्हाईक पळेल! आठ आणे लगेच काही पदरी पडले नाहीत, पण चरखा संघानं मजुरी वाढवण्याचा ठराव केला आणि खादी महाग होऊ दिली. त्याच सुमारास आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, नालवाडीला, विनोबांनी स्वतः सूत कातून फक्त त्या मजुरीवर जगून पाहिलं. दुसऱ्याला जो दर देतो त्या दरात आपलं जेवण भागतं का, हे जेवून बघायचं! ऑडिटचा याहून कडक प्रकार माझ्या ऐकिवात नाही.

या सगळ्या इतिहासाचा कळस म्हणजे एक छोटासा रुमाल. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. गांधीजींपुढं प्रश्न पडला, आहेर काय द्यावा? ज्यांच्यापाशी स्वतःचं म्हणून काही नाही, त्यांना आहेर फार जड जातो. माउंटबॅटननी सुचवलं की आपल्या हातचं सूत द्या. मग गांधीजींनी कातलेल्या दुपदरी सुताचा एक जाळीदार तुकडा विणला गेला, मधोमध ‘जय हिंद’. सोबतच्या पत्रात गांधीजींनी माउंटबॅटनना कळवलं की सूत माझं, विणकाम एका पंजाबी मुलीचं, आणि तिला हे शिकवलं आभाच्या नवऱ्यानं. आभाचा नवरा म्हणजे कनू गांधी, बापूंची छायाचित्रं काढणारे. बायकांचं काम म्हणून नाक मुरडणाऱ्या तमाम पुरुषांनी या ओळीची नोंद घ्यावी. आणि महिना कुठला, तर नोव्हेंबर १९४७. पंजाबातल्या माणसांचं सगळंच उसवलं जात होतं, तेव्हा त्यातली एक मुलगी टाक्याला टाका जोडत बसली होती.

हा तुकडा इतर आहेरांबरोबर लंडनला प्रदर्शनात मांडला. वधूची आजी, क्वीन मेरी, ते बघायला आली आणि तिचा समज झाला की गांधींनी नातीला स्वतःचा पंचा पाठवला! केवढा असभ्यपणा, असं म्हणून ती चिडली. जाळीचा पंचा नेसून हिंडण्याइतके गांधीजी आधुनिक नव्हते, एवढाही विचार तिनं केला नाही. एलिझाबेथ पुढं राणी झाली, सत्तर वर्षं राहिली आणि तिनं तो तुकडा जपून ठेवला. भेटीला गेलेल्या आपल्या पंतप्रधानांना तिनं तो काढून दाखवला. २०२२ साली ती वारली तेव्हा त्यांनी ही आठवण सांगितली, त्यात त्याला रुमाल म्हटलं आहे. म्हणजे आजीला तो पंचा, पंतप्रधानांना रुमाल, आणि राजवाड्याच्या यादीत ती लेस. एका एलिझाबेथनं हातविणकरांसाठी यंत्राला नाही म्हटलं. साडेतीनशे वर्षांनी दुसरीच्या पदरात हातविणीचा तुकडा पडला. नोंदी जुळायला वेळ लागतो, पण जुळतात.

हा इतिहास मी रात्री जेवताना सौ.ला सांगितला. तिनं शांतपणे ऐकलं आणि आपला मोबाईल माझ्यापुढं धरला. म्हणाली, ‘अहो, मेलेल्या राण्यांचं पुरे. जिवंत माणसं काय करताहेत ते बघा.’

मी बघितलं आणि जेवायचं विसरलो. क्रोशाचा माशाचा सांगाडा होता. क्रोशाचं तळलेलं अंडं होतं, पिवळ्या बलकासकट. अंगठ्याएवढे हत्ती, चष्मा लावलेला बेडूक, हसणारी मुळी. जपानात अशा बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात आणि मोठी माणसं त्या आपल्या कामाच्या टेबलावर ठेवतात. मग एक गणितज्ञ बाई दिसल्या, डायना तायमिना, मूळच्या लाटव्हियाच्या. भूमितीत अतिवक्र पृष्ठ नावाचा एक प्रकार आहे. वर्षानुवर्षं विद्वान तो कागदाचे तुकडे चिकटवून दाखवायचे आणि तो फाटायचा. या बाईंनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात तो क्रोशानं विणला. युक्ती एवढीच की प्रत्येक ओळीत ठराविक प्रमाणात टाके वाढवत जायचं. कडेला झालर झालर होत जाते. आमच्या थोरल्या आत्याचे सगळे टेबलक्लॉथ असेच कडेला झालरत असत. टेबलावर ते सपाट बसत नसत म्हणून तिनं जन्मभर बोलणी खाल्ली. ती उच्च भूमिती होती, हे आमच्या घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

याच युक्तीवरून लॉस एंजेलिसच्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या जुळ्या बहिणींनी २००५ पासून क्रोशाची प्रवाळबेटं विणायला घेतली. समुद्र तापतो आहे, खरी प्रवाळं पांढरी पडून मरताहेत, याचं दुःख त्यांनी लोकरीत मांडलं. देशोदेशीच्या हजारो बायांनी त्यात भर घातली आणि २०१९ साली ती बेटं व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात गेली. त्याच २००५ साली ह्यूस्टन शहरात एका बाईनं आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचं आवरण घातलं, आणि तेवढ्यावरून जगभर खांब, झाडं, सायकली लोकरीत गुंडाळण्याची टूम निघाली. लोक थक्क झाले. झाडाला सूत गुंडाळणं म्हणजे केवढी नवी कल्पना! आमच्या ढाणकीतला वड हे ऐकून पारंब्या धरून हसला असता. दर ज्येष्ठी पौर्णिमेला त्याला गावातल्या समस्त सुवासिनी सूत गुंडाळतात, तेही सात जन्मांच्या मुदतीच्या बोलीवर. त्याला आजवर एकाही प्रदर्शनाचं बोलावणं आलेलं नाही.

हसायचं तेवढं हसून झालं, पण माझ्यातला कारकून जागा होता. प्रश्न उरलाच, या कामाचे पैसे कुणाला मिळतात? १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजलं आणि दुष्काळानं लाखो माणसं मेली, तेव्हा तिथल्या जोगिणींनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस लंडन-पॅरिसच्या शौकीन बायकांनी घेतली आणि कित्येक कुटुंबं तगली. म्हणजे जिला आपण रिकामा उद्योग म्हणतो ती सुई घर ओढू शकते. दुसरं टोक आपल्याच देशात आहे. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे. १८४० च्या दशकात मिशनऱ्यांनी तिथं ही कला आणली आणि हजारो बायका परदेशासाठी लेस विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन विदुषीनं १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. तिला काय दिसलं? बाया दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणताहेत, व्यापारी निर्यात करून बंगले बांधताहेत, आणि बायांच्या हाती पडतं ते नाममात्र. कारण सांगायचं काय, तर त्या गृहिणीच आहेत, फावल्या वेळात विणतात! म्हणजे ‘रिकामा उद्योग’ हा नुसता आमच्या घरातला टोमणा नव्हता, तो मजुरीचा दर होता. कामाला रिकामं म्हटलं की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, इतकी ती साधी युक्ती आहे.

हे वाचलं त्याच आठवड्यात सौ.च्या एका तोरणाला गिऱ्हाईक लागलं. उमरखेडच्या एका बाईंना मुलीच्या रुखवतात मांडायला हवं होतं. त्या फोनवर म्हणाल्या, तीनशे देते. मी वही काढली. दोरा दोनशेवीसचा. वेळ मी जेवणखाण वगळून मोजला होता, चाळीस तास. उरले ऐंशी रुपये, तासाला दोन. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘जाऊ द्या न हो! बसल्या बसल्याच तर केलं तिनं.’ मीही बँकेत बसल्या बसल्याच करतो, पण महिनाअखेरीस ते कुणी बोलून दाखवत नाही.

सौ.नं माझी वही बघितली, काही बोलली नाही. बाई तोरण न्यायला आल्या तेव्हा तिनं एका चिठ्ठीवर बिल लिहून पुढं केलं. त्यात दोनच ओळी होत्या. ‘सुताचे, २२० रुपये. हाताचे, ६०० रुपये.’ बाईंनी चिठ्ठी वाचली. मग तोरण हातात घेऊन एकेक खांब, एकेक साखळी बोटानं चाचपली, उजेडात धरून उलटी बाजू पाहिली. मी श्वास रोखून पेपर वाचत होतो.

‘ताई,’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘सुताचे दोनशेच घ्या न! सूत आमच्याकडं स्वस्त भेटते.’

सौ.नं वीस रुपये सोडले. खालच्या ओळीला बाईंनी हात लावला नाही.